जुनी फ्रॉस्टवाली प्रूफ नाणी मी कशी पारखून घेतली

नोव्हेंबर २०२४ मध्ये मनाशी ठरवलं की १९७० च्या आसपासची मुंबई टाकसाळीची थोडी प्रूफ नाणी घ्यायची, पण नुसती चकचकीत नकोत, चित्र पांढरं धुकट (यालाच फ्रॉस्ट म्हणतात) आणि मागची जमीन काळाभोर आरसा असा कॉन्ट्रास्ट असलेलीच हवीत. ऑगस्ट २०२५ पर्यंत तीन नाणी घरात आली. यावर मराठीत वाचायला फारसं हाती लागलं नाही, जे होतं ते इंग्रजीत आणि बहुतेक अमेरिकन नाण्यांवर, म्हणून म्हटलं आपणच लिहून ठेवावं. मी यातली कुणी जाणकार वगैरे नाही हं, इंदूरला रामबागेत राहते, शाळेत गणित शिकवते आणि घरखर्चातून जे उरतं त्यात हा नाद चालतो.

आधी थोडं समजून घ्यावं लागलं, कारण प्रूफ म्हणजे "एकदम चांगल्या कंडिशनमधलं नाणं" असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. प्रूफ ही बनवण्याची पद्धत आहे. डाय (म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारा ठसा) घासून-पॉलिश करून आरशासारखा करतात, कोरा गोळाही (ब्लँक म्हणतात त्याला) पॉलिश केलेला असतो, आणि दाब देऊन दोन किंवा जास्त वेळा ठोकतात, म्हणून काठ आणि अक्षरं अशी धारदार उठतात. चालू नाण्यांची जी कोरी, न वापरलेली प्रत असते ती यूएनसी. प्रूफ नाणं खिशात फिरून घासलं तरी ते प्रूफच, फक्त खराब झालेलं प्रूफ.

आता फ्रॉस्ट. पूर्वी डायवर आम्ल लावून तो सगळा खरखरीत करायचे आणि मग सपाट भाग तेवढा पुन्हा पॉलिश करायचे, म्हणजे खोलगट भागात, जिथे चित्र कोरलेलं असतं तिथे, खरखरीतपणा शिल्लक राहायचा आणि नाण्यावर तोच पांढरा फ्रॉस्ट म्हणून उमटायचा. गंमत अशी की हा खरखरीतपणा टिकायचा नाही. नव्या डायने मारलेली पहिली काही नाणी जोरदार कॉन्ट्रास्टची, मग प्रत्येक ठोक्याबरोबर फ्रॉस्ट विरळ होत जायचा आणि शेवटची नाणी सगळीच्या सगळी चकचकीत, चित्रासकट. म्हणजे एकाच वर्षाचं, एकाच टाकसाळीचं, एकाच डब्यातलं प्रूफ, पण एक फ्रॉस्टवालं आणि दुसरं सपाट. अमेरिकेत १९५० ते १९७० च्या प्रूफमध्ये हाच घोळ आहे आणि म्हणूनच तिथे कॅमिओ, म्हणजे असा फ्रॉस्ट आणि आरशाचा कॉन्ट्रास्ट असलेल्या नाण्याला साध्या प्रूफच्या कितीतरी पट पैसे मोजतात. नंतर डायवर क्रोमचा मुलामा देऊ लागले, बारीक कणांचा मारा करून फ्रॉस्ट देऊ लागले, आता तर लेसरनेही देतात, त्यामुळे आजचं जवळपास प्रत्येक प्रूफ फ्रॉस्टवालंच निघतं. म्हणून नव्या नाण्यात निवडायला फारसं काही नसतं, जुन्यात असतं, आणि पैसेही तिथेच फसतात.

डिसेंबरभर मी नुसते फोटो बघितले. व्हॉट्सॲपवर नाणीवाल्यांचे ग्रुप असतात, त्यातल्या दोनात एका ओळखीच्या काकांनी घातलं, रोज सकाळी पन्नास फोटो. पाहून पाहून एक लक्षात आलं की फोटोत कॉन्ट्रास्ट बनवता येतो. आरसा समोर जे असेल ते दाखवतो ना, मग समोर काळा कागद असेल तर जमीन काळी येते आणि तिरप्या उजेडाने चित्र पांढरं येतं, साधंसं प्रूफही असं नाट्यमय दिसतं की बस. उलट खिडकीसमोर धरून घाईत काढलेल्या फोटोत चांगलं फ्रॉस्टवालं नाणं सगळं राखाडी दिसतं. म्हणजे फोटो बघून घेणं दोन्हीकडून धोक्याचं, भारी दिसणारं साधं निघू शकतं आणि साधं दिसणारं आपण सोडून देतो. मग मी विक्रेत्यांकडे फोटोऐवजी व्हिडिओ मागायला लागले: एका दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करा, दोन्ही बाजू दाखवा, जवळून. अर्ध्याअधिक जणांनी उत्तरच दिलं नाही, एकाने "मॅडम घ्यायचं असेल तर घ्या" असं लिहिलं. ज्यांनी पाठवले त्यांचे नंबर जपून ठेवलेत.

याच दिवसांत सामान घेतलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग ६०० रुपयांचं, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा ४५० चा, सुती हातमोजे आणि काळ्या मखमलीचा तुकडा (हा ब्लाउजपीसवाल्याकडून, ४० रुपये). दिवा मात्र नीट घ्या. ट्यूबलाइट किंवा पसरलेल्या उजेडात आरशावरचे बारीक ओरखडे, ज्यांना हेअरलाइन म्हणतात, ते लपतात. टेबललॅम्पमध्ये एकच बल्ब लावायचा, बाकी खोलीत अंधार, मग नाणं फिरवलं की ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकून जातात.

जानेवारीत सराफ्यात जायला सुरुवात केली. बाहेरच्या लोकांना सराफा म्हणजे रात्रीची गराडू आणि जलेबी, पण दिवसा तो अजून सोन्या-चांदीचाच बाजार आहे, आणि चांदीची नाणी विकायला आलेली लोकं आधी तिथेच येतात. दुकानं अकरा-साडेअकराशिवाय नीट उघडत नाहीत आणि दुपारनंतर गर्दी, म्हणून शनिवारी साडेअकरालाच जाऊन बसायचं. बहुतेक दुकानदारांना प्रूफ-बिफमध्ये रस नसतो, त्यांचा हिशोब वजनाचा. तोही आपल्याला माहीत असावा. १९७४ चं ५० रुपयांचं नाणं सुमारे ३५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. तेव्हा चांदी साधारण ९५ रुपये ग्रॅम चालली होती, म्हणजे धातूचीच किंमत साडेसोळाशेच्या घरात. याच्यावर जे मागतात ते प्रूफपणाचे, कॉन्ट्रास्टचे आणि डब्याचे. (आणि कुणी "मोडीत घालू" म्हणालं तर सांगा, कॉइनेज ॲक्ट २०११ प्रमाणे नाणं वितळवणं गुन्हा आहे.)

एका दुकानात १९७४ चा प्रूफचा डबा निघाला, "नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न" या विषयाची नाणी, ५० रुपये आणि १० रुपये, १० रुपयांचं चांदीचं नाही, कॉपर-निकेलचं. दुकानदार म्हणाला, "भाभी, पैक पीस है, खोलूंगा तो वैल्यू गिर जाएगी." मी म्हटलं भिया, बंदच ठेवा, मी बाहेरून बघते. प्लास्टिक पिवळट झालं होतं पण त्यातूनही भिंगाने तारखेखालचं चिन्ह दिसत होतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबई टाकसाळीच्या साध्या नाण्यांवर तारखेखाली हिऱ्याच्या आकाराची खूण किंवा ठिपका असतो, आणि त्या काळातल्या प्रूफवर इंग्रजी बी. पुढे १९९० च्या दशकात शहराचं नाव बदलल्यावर बी जाऊन एम आला. तर ५० रुपयांच्या नाण्यावर बी होता आणि शेजारच्या १० रुपयांवर हिरा! म्हणजे कधीतरी कुणीतरी डबा उघडून प्रूफ काढून घेतलं आणि तिथे यूएनसी बसवलं. दुकानदाराला दाखवलं तर तोही भिंग लावून दोन मिनिटं गप्प, त्यानेही असंच कुणाकडून तरी घेतलेलं. मग तो आपणहून म्हणाला की घ्या, उघडून बघा.

उघडल्यावर ५० रुपयांचं नाणं काठाने धरून दिव्याखाली घेतलं. मी नेहमी एकाच क्रमाने बघते, आधी आरसा, मग फ्रॉस्ट, मग दोन्ही मिळून. आरशासाठी छापील कागद समोर धरायचा आणि नाण्यात अक्षरं किती अंतरापर्यंत वाचता येतात ते बघायचं, चार बोटांवर अक्षरं फुटली तर आरसा उथळ. इथे वीतभर लांबूनही वाचता येत होतं. मग फ्रॉस्ट. चौकोनी कुटुंबाचं चित्र, आई-वडील आणि मुलं, भिंगातून बघितलं तर चेहऱ्यांवर, कपड्यांवर एकसारखी बारीक कणी, आणि जिथे चित्र संपून जमीन सुरू होते तिथे रेघ मारल्यासारखी सीमा. ही सीमा फार महत्त्वाची. कारण खोटा फ्रॉस्टही करतात, आम्लाने किंवा बारीक रेती मारून, पण तो सीमेवर सांडतो, आरशावर थोडा धूसर पट्टा उमटतो, आणि अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांत, बंद गोलांमध्ये तर हमखास. नाणं उलटवलं तर अशोकस्तंभाच्या बाजूला फ्रॉस्ट होता पण पातळ, सिंहांच्या आयाळीत ठीक, खालच्या पट्टीवर जवळजवळ नाही. म्हणजे एक बाजू कॅमिओ, दुसरी नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय आरशावर एक लांब ओरखडा. मागत होता ६,५००. मी सोडलं. सोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, कारण कुटुंबाच्या चित्राची बाजू इतकी सुंदर होती.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, एक बाजू चांगली आहे ना, तीच वर ठेव! त्याचंही बरोबरच आहे म्हणा. पण नियम असा आहे की कॅमिओ म्हणवून घ्यायला दोन्ही बाजूंना फ्रॉस्ट लागतो, एनजीसी आणि पीसीजीएस या नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या (ग्रेडिंग) दोन्ही अमेरिकन कंपन्या असंच मानतात. एनजीसी कधी कधी एकाच बाजूच्या कॅमिओला ताऱ्याची खूण देते, पण कॅमिओ म्हणत नाही. मी म्हटलं दोन्ही बाजूंच्या नाण्याचे पैसे एका बाजूला नाही देणार.

फेब्रुवारीत शहरात नाणी-नोटांचं प्रदर्शन लागलं होतं, मुंबई-पुण्याकडूनही व्यापारी आले होते. प्रदर्शनात शेवटच्या दिवशी दुपारी जा, पण बघायला पहिल्या दिवशी सकाळीही जा, कारण चांगला माल पहिल्या दिवशी व्यापारी आपसातच उचलतात आणि भाव शेवटच्या दिवशी उतरतो, मधे काय करायचं हे आपल्या जिवाच्या धडधडीवर. तिथे दिव्यांची अवस्था वाईट, वरून पांढरे पॅनल लाइट, त्यात सगळी नाणी देखणी दिसतात. मी टॉर्च नेला होता आणि टेबलाखालच्या अंधारात नाणं धरून बघत होते, लोकांना वाटलं बाईचं काहीतरी पडलंय.

तिथे १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं मिळालं. हे नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, त्यावर वर्ष म्हणून १८६९-१९४८ एवढंच आहे. एकाच व्यापाऱ्याकडे चार नग होते आणि चारही शेजारी शेजारी ठेवून बघता आले, हे भाग्यच समजायचं, कारण फ्रॉस्टचा अंदाज तुलनेशिवाय येतच नाही. पहिलं चेहऱ्यासकट सगळं चकचकीत. दुसऱ्याला फ्रॉस्ट होता पण गांधीजींच्या टाळूवर आणि गालाच्या हाडावर गेलेला, तिथे गुळगुळीत डाग. असं टक्कल दिसलं की समजायचं नाणं हाताळलं गेलंय किंवा एखाद्या मऊ पाकिटात घासलं गेलंय, कारण उंच भागावरचा फ्रॉस्ट आधी जातो. (गांधीजींच्या बाबतीत टक्कल ओळखायला जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं!) तिसऱ्याचा फ्रॉस्ट चांगला पण आरशावर दुधाळ धुकं. चौथं नीट होतं, डीप कॅमिओ, म्हणजे सगळ्यात जोरदार कॉन्ट्रास्टचं, नाही म्हणणार मी, पण दोन्ही बाजू जुळत होत्या, कानापासून गालापर्यंत कणी अखंड. तो ४,००० म्हणाला, मी बाकी तिघांतले दोष एकेक करून दाखवले, भांडायला नाही, मला चौथंच का हवंय हे सांगायला, आणि ३,२०० ला दिलं. बिल मागितलं तर थोडा कुरकुरला, दिलं मात्र. बिल मागाच. बिलावर वर्ष, मूल्य, "प्रूफ" हा शब्द आणि मिंट मार्क (टाकसाळीची खूण) लिहून घ्या, नुसतं "चांदीचं नाणं" लिहिलं तर उद्या विकताना तुमच्या हातात मोडीच्या भावाचा कागद.

मार्चमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १९७४ चं ५० रुपयांचं मागवलं, आधी व्हिडिओ बघून, ५,८०० अधिक कुरिअर १५०. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग शूटिंग केलं, वरचं लेबल, चिकटपट्टी, सगळं. आतलं नाणं व्हिडिओतलं नव्हतंच. व्हिडिओतल्या नाण्यावर "रुपये" च्या मात्रेजवळ एक बारीक काळा ठिपका होता, या नाण्यावर तो नाही आणि हेअरलाइन भरपूर. लगेच लिहिलं, त्याने आधी "लाइटिंगमुळे वेगळं दिसतंय" म्हणून टोलवलं, मग मी दोन्ही व्हिडिओंतले स्क्रीनशॉट शेजारी ठेवून पाठवले. परत पाठवायचं कुरिअर माझ्याच खर्चाने, नाण्याचे पैसे यायला एप्रिलचा शेवट उजाडला. जुन्या नाण्यांवर असे छोटे ठिपके, टोनिंगचे, म्हणजे काळाबरोबर रंग बदलून पडलेले डाग असतात ते त्या नाण्याचे आधारकार्डच, आधी शोधून लिहून ठेवायचे.

तसंच १९७४ चं ५० रुपयांचं पुढे मे महिन्यात फेब्रुवारीतल्याच व्यापाऱ्याकडून घेतलं, त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा संग्रह विकायला आला होता. त्याने स्वतःच फोन केला की मॅडम दोन्ही बाजूवालं आहे. कुणाच्या तरी हाती इंदूरला पाठवलं, मी आधी बघून मग पैसे देईन हे त्याने मान्य केलं, ५,४०० ला ठरलं. आईच्या साडीच्या निऱ्यांतसुद्धा फ्रॉस्ट शाबूत आहे. एवढं बघून व्यवहार करणारा माणूस सापडला की त्याला धरून ठेवावं, हजार-पाचशे इकडे-तिकडे झाले तरी.

मे संपता संपता, ३१ तारखेला, अहिल्यादेवींच्या जन्माच्या तीनशेव्या वर्षानिमित्त भोपाळला ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं आणि आमच्या भागात एकदम सगळ्यांना नाण्यांचं वेड लागलं. (त्याच दिवशी इंदूरची मेट्रोही सुरू झाली, पण रामबागेत चर्चा नाण्याचीच.) शेजारच्या काकू, शाळेतले सहकारी, सगळे विचारायला: हे बँकेत मिळेल का? नाही मिळणार. अशी मोठ्या मूल्याची स्मारक नाणी चलनात सोडत नाहीत, ती टाकसाळ संग्राहकांसाठी विकते, सरकारी कंपनी एसपीएमसीआयएलच्या टाकसाळींच्या वेबसाइटवर जाहीर होतात तेव्हा नोंदणी करून मागवायची. नाण्यावर लिहिलेल्या आकड्याशी किमतीचा संबंध नसतो, ती चांदी, पॅकिंग, कर सगळं धरून बरीच जास्त असते, आणि यूएनसी व प्रूफ अशा दोन किमती असतात, फॉर्म भरताना कुठलं निवडतोय ते बघा. प्रकाशन झालं म्हणजे लगेच विक्री सुरू झाली असंही नाही. घाईने दलालाला दुप्पट पैसे देऊ नका एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. देवींच्या काळातली खरी नाणी बघायची तर आपल्या सेंट्रल म्युझियमला होळकरांची नाणी आहेत, महेश्वरच्या टाकसाळीच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचं पान, एकदा जाऊन बघाच. ती मात्र शंभर वर्षांहून जुनी म्हणजे कायद्याने पुरावस्तू, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून देता येत नाहीत, माझ्या भाच्यानेच विचारलं म्हणून सांगते.

जून-जुलैत तिसरं घेतलं, १९७५ चं महिला वर्षाचं, "समानता, विकास, शांती", स्त्रीचा चेहरा आणि धान्याची ओंबी. हे मी मुद्दाम स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेड करून प्लास्टिकमध्ये सील केलेलं घेतलं, एक तरी नमुना घरात असावा की ज्याच्याशी बाकीची ताडून बघता येतील. लेबलवर प्रूफ ६६ कॅमिओ. हा आकडा ७० पैकी असतो आणि तो मुख्यतः ओरखडे-डागांचा हिशोब, कॉन्ट्रास्टचा शब्द वेगळा लिहिलेला असतो: काही नसेल तर साधं प्रूफ, मग कॅमिओ, आणि सगळ्यात वर पीसीजीएसकडे डीप कॅमिओ, एनजीसीकडे अल्ट्रा कॅमिओ. म्हणजे ६८ साधं प्रूफ आणि ६५ अल्ट्रा कॅमिओ यात मला दुसरंच आवडेल, आणि बाजारही बहुतेक वेळा माझ्या बाजूचा असतो. स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, तिथे तेच नाणं, तीच ग्रेड निघायला हवी, फोटो असेल तर डाग-ठिपके जुळवायचे, कारण खोटे स्लॅबही फिरतात. यात ९,२०० गेले. माझी आधीची दोन नाणीही ग्रेडिंगला पाठवायचा विचार केला होता, पण फी, जाण्यायेण्याचा खर्च, विमा आणि महिनोन्महिने वाट असं सगळं मांडल्यावर तीन-पाच हजारांच्या नाण्यांना ते परवडेना. नाणं पंचवीस-तीस हजारांच्या पुढचं असेल तर बघावं.

एवढ्यात पावसाळा लागला. प्रूफचा खरा शत्रू ओल आणि आपले हात. नाणं फक्त काठाने धरायचं, त्याच्यावर वाकून बोलायचं नाही, थुंकीचा सूक्ष्म थेंबही वर्षभराने काळा ठिपका होतो (मुलांना हे सांगितल्यापासून माझ्या खोलीत कुणी बोलतच नाही, तो एक फायदा). आणि शेव खाता खाता तर अजिबातच हात लावायचा नाही, इंदूरमध्ये हे वेगळं सांगावं लागतं. जुन्या मऊ, लवचिक प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं, ते कालांतराने हिरवट चिकट थर सोडतं, तसं पाकीट असेल तर पहिल्याच दिवशी नाणं बाहेर काढा. मी कडक पारदर्शक कॅप्सूल घेतल्या, मापाप्रमाणे, एक २५ ते ४० रुपये, डब्यात सिलिका जेलची पुडी आणि ती दर दोन महिन्यांनी बदलायची. सराफ्यात एकाने अगदी प्रेमाने सांगितलं की दीदी, पाच मिनट में चमका दूंगा. पॉलिशच्या कापसाचा एक हात फिरला की आरशावर हजार हेअरलाइन आणि फ्रॉस्ट कायमचा सपाट, मग ते कुणी कितीही चमकवो, मोडीचं झालं.

ऑगस्टमध्ये बँकेत लॉकरला गेले. तिथल्या मॅडमनी नवा करार वाचायला दिला आणि खरंच वाचा तो. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच, पूर-भूकंपाला बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तीही नाही, आणि आत काय ठेवलंय हे बँकेला माहीतच नसतं. त्यामुळे प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, बिल आणि त्या नाण्याच्या "ओळखीच्या खुणा" अशी एक वही केली, एक प्रत घरी आणि एक बहिणीकडे. लॉकर तळघरात असेल तर ओल बघून घ्या, आमचं पहिल्या मजल्यावर आहे, तरी सिलिका टाकलंच.

तीन नाण्यांचे मिळून १७,८०० झाले, सामान आणि वाया गेलेलं कुरिअर धरून एकोणीस हजारांच्या आतबाहेर. आता १९७२ चं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं १० रुपयांचं बाकी आहे. जुलैत एक आलं होतं, आरसा छान, पण ध्वज धरलेल्या जोडीवर फ्रॉस्ट जेमतेम, आणि चांदी वाढली म्हणून तो भावही वाढवून सांगत होता. व्यापाऱ्याला कळवून ठेवलंय की दोन्ही बाजू जुळत असतील आणि दिव्याखालचा व्हिडिओ असेल तरच फोन करा, संध्याकाळी सहानंतर, शाळेत फोन उचलता येत नाही.